तबला मागे जातोय

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास, सिंगापुरात पाया लेबारच्या एका मॉलमधल्या दुकानात, निशिकांत पानसेने इअरफोनची चौथी जोडी कानातून काढून काउंटरवर ठेवली.

"ही पण नाही," तो म्हणाला.

"आता काय झालं?" त्याच्या बायकोने, मीनलने विचारलं.

"तबला मागे जातोय."

"पुढे येऊन काय करणार आहे तो?"

काउंटरपलीकडची विक्रेती पन्नाशीची होती. गिऱ्हाइकं तिला आंटी म्हणत आणि तिची हरकत नव्हती. तिने चौथी जोडी पुसून तिच्या डबीत ठेवली आणि पाचवी काढली. पन्नास डॉलरच्या आतली ही शेवटची, असं तिने सांगितलं.

निशिकांत पारखायला एकच ध्वनिमुद्रण वापरत होता. गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळात झालेलं गाणं त्याने स्वतः दोन माइक लावून मुद्रित केलं होतं. डाव्या बाजूला तबला, उजव्या बाजूला पेटी, मधे गाणारी बाई. कुठे काय ऐकू यायला हवं हे त्याला पाठ होतं. आवाज स्वच्छ हवा, बेस फुगवलेला नको, दोन्ही बाजू सारख्या हव्यात, एवढीच त्याची मागणी होती. यातली शेवटची मागणी एकही जोडी पुरी करत नव्हती. प्रत्येक जोडीत डावी बाजू बसल्यासारखी वाटे. तबल्याच्या चाटीचा आवाज पातळ होई आणि बायाँ, म्हणजे डग्गा, जवळजवळ नाहीसा होई.

"स्वस्तातला माल हा असाच," तो म्हणाला. "दोन बाजू जुळवतच नाहीत."

"अंकल, यू ट्राय टेन ऑल्सो सेम लाह," आंटी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

त्यांची बारा वर्षांची मुलगी श्रिया स्टुलावर बसून पाय हलवत होती. ती म्हणाली, "बाबा, कॅन वी गो?"

हा शोध नुसता हौशीचा नव्हता. निशिकांत चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या पेमेंट यंत्रणेची देखभाल करणाऱ्या गटाचा प्रमुख होता. यंत्रणा अडली की एक सामायिक फोन सुरू होई. त्यावर लंडन, चेन्नई, हाँगकाँग असे सगळीकडचे लोक एकदम बोलत, आणि सिंगापूरची बाजू निशिकांत मांडी. ऑफिसचा हेडसेट एका कानाचा होता. उजवा कान आपल्या माणसांसाठी मोकळा राहावा म्हणून तो सगळी नोकरीभर डाव्या कानाला लावत आला होता. या महिन्यात त्यातून शब्द नीट येईनासे झाले. त्याने तक्रार केली आणि दुसरा हेडसेट मिळाला. तोही तसाच निघाला. गेल्या बुधवारी लंडनने त्याला नाव घेऊन तीनदा प्रश्न विचारला आणि तो गप्प बसून राहिला. मॅनेजरने त्याच दिवशी विचारलं, सगळं ठीक आहे ना? जानेवारीत त्याच्या एम्प्लॉयमेंट पासच्या, म्हणजे इथे काम करण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणाची वेळ होती, आणि तो अर्ज करायचा की नाही हे कंपनीच्या हातात होतं. चांगला इअरफोन घेतला की हा प्रश्न मिटेल, असा त्याचा हिशोब होता.

निशिकांत वस्तू घाईने घेत नसे. घरातला मिक्सर त्याने तीन दुकानं पाहून आणि पाच मित्रांना विचारून घेतला होता. या वेळी त्याने मंडळातल्या मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रश्न टाकला आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. रवींद्र म्हणाला, नोव्हेंबरात अकरा तारखेचा सेल असतो, निम्म्यात मिळेल, थांब. तो आठवडाभर थांबला. उल्का म्हणाली, दोष इअरफोनचा नसतो, कानात बसणाऱ्या रबराचा असतो, फोमचं मागव. त्याने मागवलं. ते यायला आणखी आठवडा गेला आणि काही फरक पडला नाही. इंटरनेटवरून मागवलेल्या दोन जोड्या त्याने डावी बाजू सदोष म्हणून परत पाठवल्या. शेवटी सुबोधने लिहिलं, "निशिकांतराव, लग्न ठरवताना एवढ्या मुली पाहिल्या होत्यात का?" त्याला मीनलने उत्तर दिलं होतं, "एकच. तीही त्यांच्या आईने."

पाचवी जोडी साधी होती. आधीच्या बहुतेक जोड्यांची वायर कानावरून मागे घ्यायची असे आणि त्यांचा डावा तुकडा डाव्याच कानात बसे. ही सरळ, गोळीच्या आकाराची होती. निशिकांतने ती पाच-सहा मिनिटं ऐकली.

"त्यातल्या त्यात बरी आहे," तो म्हणाला.

"घे मग," मीनल म्हणाली. "आणि मंडळाला कळव, नाहीतर बिचारे झोपायचे नाहीत."

ते बुगिसला गाडी बदलून बुकित पंजांगच्या गाडीत बसले. रोज सकाळी मीनल आणि निशिकांत याच मार्गाने उलटे येत. मीनलचं ऑफिस पाया लेबारला होतं, तो तिथून पुढे जाई. बुकित पंजांग हे पहिलं स्टेशन असल्यामुळे रोज जागा मिळे. मीनल काचेला टेकून कोपऱ्यात बसे, निशिकांत तिच्या डाव्या हाताला, आणि एकाच इअरफोनचा एक तुकडा तिच्या डाव्या कानात, दुसरा त्याच्या उजव्या कानात. लग्न झाल्यापासूनची सवय होती. त्या प्रवासात त्याला आवाजाबद्दल कधीच तक्रार करावीशी वाटली नव्हती.

शनिवारी गाडी भरलेली आली. एका आजीबाईंनी सरकून दोन जागा करून दिल्या. मीनल अलीकडे बसली आणि निशिकांत तिच्या उजव्या हाताला. श्रिया समोर दांड्याला धरून उभी राहिली. निशिकांतने नवीन इअरफोन फोनला जोडला, एक तुकडा मीनलला दिला, दुसरा स्वतःच्या डाव्या कानात घातला आणि मंडळाचं गाणं लावलं.

"सुरू झालंय का?" त्याने विचारलं.

"मला येतंय. पेटी चालू आहे."

"म्हणजे हा तबल्याचा बंद पडला." त्याने तुकडा कानातून काढून हलवला. "दुकानातून निघून अर्धा तास नाही झाला."

"बघू." मीनलने तो घेऊन आपल्या दुसऱ्या कानात घातला. तिने थोडा वेळ ऐकलं. "चालू आहे की. चांगला खणखणीत आहे."

"दे इकडे." त्याने परत घातला. "काही नाही. अगदी लांब कुठेतरी वाजल्यासारखं."

"आई, गिव्ह मी," श्रिया म्हणाली. तिने दोन्ही तुकडे ओढून घेतले आणि कानात घातले. "बोथ ओके, वॉट." मग तिने ते काढले, तोच तबल्याचा तुकडा वाकून बाबाच्या उजव्या कानात घातला आणि त्याच्याकडे पाहत राहिली.

तबला आला. चाट, बायाँ, मुखडा सगळं जागेवर होतं.

श्रियाने तुकडा काढून त्याच्या डाव्या कानात घातला. तबला गेला.

"बाबा," ती म्हणाली, "इट्स नॉट द इअरफोन लाह."

निशिकांतने आणखी दोनदा करून पाहिलं. मग डाव्या कानाजवळ बोटं चोळून पाहिली, मग उजव्या. समोरचा एक माणूस त्याच्याकडे बघत होता. मीनलने त्याचा हात खाली घेतला.

"हे कधीपासून आहे?" ती हळू आवाजात म्हणाली.

"मला काय माहीत?"

"तुला नाही तर कुणाला माहीत? कान तुझा आहे."

उरलेल्या प्रवासात निशिकांत दर स्टेशनला उठायला बघत होता आणि परत बसत होता.

त्यांच्या इमारतीखालचा दवाखाना रविवारी सकाळी उघडा होता. तिथल्या डॉक्टरने कानात बत्ती मारून पाहिलं, मळ नाही, पडदा ठीक आहे असं सांगितलं आणि सोमवारीच तज्ज्ञाकडे जा म्हणून चिठ्ठी दिली. सोमवारी तज्ज्ञाने त्याला काचेच्या खोलीत बसवून श्रवणाची चाचणी घेतली. उजवा कान चाळिशीच्या माणसाचा असावा तसा होता. डाव्या कानाची रेघ सुरुवातीपासून खाली होती आणि पुढे आणखी खाली जात होती.

"हे एकदम झालं का?" डॉक्टरने विचारलं. ती शांत बाई होती आणि सावकाश इंग्रजी बोलत होती.

"नाही, हळूहळू," निशिकांत म्हणाला.

"हळूहळू कसलं?" मीनल मराठीत त्याला म्हणाली. "घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या कानाला दडे बसले होते. तूच म्हणालास, पोहायला गेलो होतो, पाणी गेलं असेल."

"ते दोन दिवसांत गेलं होतं."

"दडे गेले. ऐकू येत होतं का, ते तू सांगितलंच नाहीस." मग ती डॉक्टरकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "मी कानात लसणाचं कोमट तेल घातलं होतं. त्याने काही झालं असेल का?"

डॉक्टरने नाही म्हटलं. तेलाने हे होत नाही. पण यापुढे घालू नका, असं तिने जोडलं.

मग तिने समजावून सांगितलं. आतल्या कानाची श्रवणशक्ती कधी कधी अचानक जाते, बहुतेक वेळा कारण सापडत नाही. स्टेरॉइड दिली तर काही लोकांची परत येते, काहींची थोडी येते, काहींची येत नाही. मेंदूचा स्कॅन करून दुसरं काही नाही ना, याची खात्री करावी लागेल. औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं. पहिल्या दोन आठवड्यांत सर्वात चांगलं.

"आणि आता?" निशिकांतने विचारलं.

"आता आपण आजच सुरू करू," डॉक्टर म्हणाली. "तीन आठवडे काय करत होतात?"

निशिकांतने मीनलकडे पाहिलं. मीनल खिडकीकडे बघत होती.

"इअरफोन शोधत होतो," तो म्हणाला.

गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. दोन दिवसांनी कानाच्या पडद्यातून आत पहिलं इंजेक्शन झालं. गोळ्यांनी त्याची झोप गेली आणि भूक वाढली. दिवाळीच्या चकल्या संपायला आल्या. तो घरात उगीच फेऱ्या मारी, पंखा लावी, बंद करी, फोनवर गाणं लावी आणि डाव्या कानात तुकडा घाली. मीनलने एकदा इअरफोन कपाटात ठेवून दिला. त्याने तो शोधून काढला.

"दर तासाला तपासून आवाज लवकर येणार आहे का?" ती म्हणाली.

"काल थोडा आला होता."

"काय आलं होतं?"

"बायाँ. जरासा. की माझा भास, सांगता येत नाही."

ऑफिसात त्याने हेडसेट उजव्या कानाला लावायला सुरुवात केली. फोनवरचे शब्द आता नीट कळत. पण गटातली माणसं डावीकडून बोलली तर त्याला पत्ता लागत नसे, आणि हाक कुठून आली ते कळण्यासाठी तो खुर्ची गरकन फिरवी. त्याच्या हाताखालच्या वरुणने हसत विचारलं, "सर, कुणी मागे लागलंय का?" तोही हसला.

मॅनेजरला सांगायचं की नाही यावर घरात रोज बोलणं होई.

"सांगून टाक," मीनल म्हणे. "त्या बुधवारी लंडनपुढे तू गप्प का बसलास, ते तरी त्यांना कळेल. आत्ता त्यांना वाटत असेल, तुला उत्तर येत नव्हतं."

"आणि ऐकू न येणाऱ्या माणसाचा पास पुढे कशाला मागतील ते?"

"एक कान आहे ना चांगला."

"तू देशील का? दिवसभर फोनवर काम असलेली जागा, एका कानाच्या माणसाला?"

"मी दिली असती."

"तू बायको आहेस."

"म्हणून तर विचार करून सांगतेय. श्रियाचं पुढच्या वर्षी सेकंडरी सुरू होतंय. जानेवारीत कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं."

"इंजेक्शनं झाली की पुन्हा चाचणी आहे, ती होऊ दे. आकडा सुधारला तर सांगायची गरजच नाही."

"आणि नाही सुधारला तर?"

"तर मग बघू."

मीनल म्हणाली, "बघू बघू करूनच तीन आठवडे गेले." मग ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने तिने तिथून काहीतरी विचारलं. त्याला ते ऐकू आलं नाही आणि त्याने परत विचारलंही नाही.

ग्रुपवर सुबोधचा प्रश्न आला, "घेतला का शेवटी? कसा आहे आवाज?" निशिकांतने अंगठा पाठवला. रवींद्रने लिहिलं, घाई केलीस, अकरा तारखेला स्वस्त मिळाला असता.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात तिसरं इंजेक्शन झालं. स्कॅनमध्ये काही निघालं नाही. डॉक्टरने पुढची श्रवणचाचणी बुधवारी दुपारी ठेवली. त्या चाचणीवरून पुढे उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे, ते ठरणार होतं.

शुक्रवारी संध्याकाळी निशिकांतच्या कॅलेंडरवर मॅनेजरचं आमंत्रण आलं. मंगळवार, सकाळी अकरा, अर्धा तास, दोघंच. विषयाची जागा रिकामी होती. त्याने ते मीनलला दाखवलं. भेट गुरुवारवर ढकलता येईल का, म्हणजे चाचणी आधी होईल, असं तो म्हणाला आणि तसं उत्तर लिहायला बसला. उत्तर त्याने दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं. कारण काय द्यायचं, ते सुचत नव्हतं.

सोमवारी सकाळी, गाडी बुकित पंजांगहून सुटताना, त्याने मंगळवारच्याच भेटीला 'स्वीकारलं' हे बटण दाबलं; चाचणी त्यानंतरच होणार होती. त्या भेटीत कानाचं सांगायचं की नाही, हे त्याने मीनलला अजून सांगितलेलं नव्हतं.