मामीने काढलेले फोटो

"मामा, मामीचे फोटो नकाशावरून काढावे लागणार," भाचीने आल्या आल्या सांगून टाकलं.

वेल्डर भांडी घासत होता. त्याने मान वर केली नाही. "का? कुणाला चावतात?"

त्यांच्या भागात लोकांचं स्वतःचं इंटरनेट होतं. कंपनीने कालव्यापलीकडे केबल टाकायला नकार दिला, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून ते उभारलं. एका गच्चीवरचा अँटेना दुसऱ्या गच्चीवरच्या अँटेनाशी जोडला जायचा, मध्ये फक्त भिंत नको. खांब वेल्डरने जोडून दिले. दारोदार फिरून लोकांच्या गच्च्या मागायचं काम त्याच्या बायकोने अंगावर घेतलं. ऑनलाइन नकाशावर प्रत्येक गच्चीचा एक ठिपका होता. ठिपका दाबला की तिथून चारी बाजूंना काय दिसतं त्याचे फोटो उघडत, आणि ते बघून कुठला अँटेना कुठे वळवायचा ते ठरत असे. जवळजवळ सगळे फोटो तिने काढलेले. निम्म्यांच्या कोपऱ्यात तिचा अंगठा.

मागच्या थंडीत ती गेली. आता नकाशा भाची सांभाळत होती.

"जुने झालेत फोटो," ती म्हणाली. "परवा पाववाल्याच्या गच्चीवर खांब घेऊन चढलो. मामीच्या फोटोत कालव्यापलीकडची शाळा स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात समोर गोदामाची भिंत. शाळेवाले कधीचे इंटरनेटची वाट बघतायत. त्यांना काय सांगू?"

"तिचा फोटो खोटा आहे म्हणतेस?"

"खोटा नाही. जुना."

"तेच ते."

"तेच ते नाही, मामा. आणि माझ्यावर डोळे वटारू नका. इंटरनेटच्या समितीने ठरवलंय, दोन वर्षांहून जुना एकही फोटो ठेवायचा नाही."

"समितीला विचार, त्यांचे खांब कुणी जोडले. सगळे उतरवून आणतो."

"आणा. मामी असती तर खांबांच्या आधी तुम्हालाच उतरवलं असतं."

वेल्डरने पुढचं भांडं घासायला ओढलं. घरात तिचे फोटो पुष्कळ होते, लग्नातले, सहलीतले. पण त्यांत दुसरं कुणीतरी तिच्याकडे बघत होतं. नकाशावरच्या फोटोंत ती स्वतः काय बघत होती, ते होतं. कामातून उसंत मिळाली की तो एकेक ठिपका उघडायचा. पत्रे, वाळत घातलेल्या चादरी, दूरचा पूल. आणि अंगठा. इतरांना तो नकाशातली घाण वाटायचा.

त्याने हात पुसले. "चल पाववाल्याकडे. मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकाही फोटोला हात लावू देणार नाही."

"आणि तुमचा गुडघा?"

"गुडघाही येईल बरोबर."

पाववाला पिठाच्या हातांनीच त्यांच्या मागोमाग जिना चढला. वर गेल्यावर वेल्डरच्या समोर आली ती करडी, उंच, सपाट भिंत. शाळेचा पत्ता नाही. 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' असं भाचीने म्हटलं नाही, तेवढी ती शहाणी होती.

वेल्डरने फोनवर बायकोचा फोटो उघडून भिंतीसमोर धरला. शाळा, पूल, तळाशी पत्र्याची लांब पट्टी. कोपऱ्यात बेकरीच्या धुराड्याचं तोंड, आतला काळा गोल. तो धुराड्यापाशी जाऊन उभा राहिला. धुराडं त्याच्या डोक्यापेक्षा हातभर उंच होतं.

"याचं तोंड तिला वरून कसं दिसलं?"

भाचीने फोन हातातून ओढून घेतला. "आणि ही पट्टी... आम्ही सगळे ही बेकरीची शेड आहे असं धरून चाललो. हे गोदामाचंच छप्पर आहे, मामा. म्हणजे भिंत तेव्हाही होती."

दोघांनी एकदमच पाण्याच्या टाकीकडे बघितलं. गच्चीवर धुराड्याहून उंच तेवढी एकच वस्तू होती.

पाववाल्याने घसा साफ केला. "चढल्या होत्या वहिनी. शिडी मीच धरली होती. म्हणाल्या, घरी बोलू नका, उगाच घर डोक्यावर घेतील."

"मला म्हणाली, जिन्याच्या दारातून काढले," वेल्डर म्हणाला. त्याला तिचा राग आला, चांगला सणसणीत राग. गेल्या कित्येक महिन्यांत त्याला तिच्याबद्दल फक्त वाईट वाटलं होतं. रागावून बरं वाटलं.

त्याने शिडी टाकीला टेकवली.

"मामा, मी जाते. तुम्ही वय बघा."

"तू शिडी धर. तोंड नंतर चालव."

वर पोचेपर्यंत त्याला धाप लागली. टाकीच्या झाकणावर हात टेकून तो सरळ झाला. गोदामाचं छप्पर पायाखाली होतं. त्यापलीकडे कालवा, पूल, आणि शाळेच्या पाठीमागे रांगेत लावलेल्या सायकली.

"दिसते का?" खालून हाक आली.

"दिसते. खांब इथे लावायचा. आणि नकाशात लिही, टाकीवरून."

"नकाशात उंची लिहायला जागाच नाहीये."

"मग कर."

भाचीने शिडी आणखी घट्ट धरली. मग म्हणाली, "हा फोटो राहील, मामा. माझा शब्द. पण सगळीकडे काही मामी टाकीवर चढली नसणार. बाकीचे खरंच जुने असतील."

हे त्यालाही कळत होतं. "जो जुना निघेल तो मीच नकाशावरून काढीन. पण ती जिथे उभी राहिली तिथे मी आधी उभा राहणार. तोवर कुणी बोट लावायचं नाही."

"गच्च्या किती आहेत, माहितीये? समिती इतकं थांबणार नाही."

"समितीला इथे खाली आणून उभं कर. मी वरून समजावतो," वेल्डर म्हणाला. "आणि पुढची गच्ची कुणाची ते बघ."