डाव्या फुप्फुसावरचा डाग

“आधी कधी टीबी झाला होता का?” काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनवरून नजर न उचलता विचारलं.

“नाही,” सुगंधा म्हणाली. इतक्या पटकन, की शेजारी बसलेल्या दत्तारामने मान वळवून बायकोकडे पाहिलं.

पुढे शुगर, बीपी, फिट्स. त्या सगळ्यांची उत्तरं तिने सावकाश दिली.

अंधेरीच्या त्या सेंटरमध्ये परदेशी जाणाऱ्यांचीच तपासणी व्हायची. सुगंधा मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये सोळा वर्षं वॉर्डातली मावशी होती. पेशंटला कुशीवर वळवणं, पुसून काढणं, भरवणं तिच्या हातात इतकं मुरलेलं, की तिथल्याच डॉक्टरीणबाईंच्या ओळखीने न्यूझीलंडच्या एका वृद्धाश्रमाने तिला व्हिडिओ कॉलवर निवडलं. त्यासाठी तिने एक्केचाळिसाव्या वर्षी मुलीजवळ, जान्हवीजवळ बसून इंग्रजी घोटलं होतं. आजवर माहेरहून सासरी आणि घरातून वॉर्डात, एवढंच तिचं जाणं. हे मात्र तिने स्वतः ठरवलेलं. वर्क परमिटच्या अर्जाला आता फक्त मेडिकल जोडायचं राहिलं होतं.

एक्स-रे झाला आणि अर्ध्या तासाने तिला एकटीलाच पुन्हा आत बोलावलं.

“ताई, डाव्या बाजूला वरती डाग आहे,” डॉक्टर म्हणाले. “जुना दिसतोय. अर्जात तुम्ही नाही म्हटलंय.”

“डागामुळे परमिट मिळत नाही का?”

“मिळू शकतं. थुंकी तपासावी लागेल, रिपोर्टला दोन महिने लागतात. पण खोटं लिहिलेलं निघालं तर अवघड होईल. उपचाराचं जुनं कार्ड असेल तर आणा. नसेल तर काय झालं होतं ते सहीनिशी लिहून द्या. दोन दिवस घ्या.”

बाहेर दत्ताराम उठून उभाच होता. “काय म्हणाले?”

“फोटो नीट आला नाही. परत या म्हणाले.”

घाटकोपरला येईपर्यंत मेट्रोत ती दोनदा बसली, दोनदा उठली. पर्स उघडून त्यात काहीतरी शोधल्यासारखं केलं.

“काय झालंय तुला?” त्याने विचारलं.

“गरम होतंय.”

संध्याकाळी ती असल्फ्याला आईकडे गेली. सोनूबाई तांदूळ निवडत होती. कार्डाचं नाव काढताच तिचा हात थांबला.

“ता तेव्हाच जाळलंय. तुझ्या लग्नाआधी. आता कित्याक उकरून काढतंस? गप रव.”

एकोणीस वर्षांची असताना सहा महिने बाबा महापालिकेच्या दवाखान्यातून गोळ्या आणायचे, भाजीच्या पिशवीत तळाशी घालून. ती पूर्ण बरी झाली, डॉक्टरांनी तसं सांगितलंही. मग दत्तारामचं स्थळ आलं, आणि घरात तो शब्द पुन्हा कुणी उच्चारला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दत्ताराम कामाला होता त्या सोसायटीत गेली. तिथले पंप तो बघायचा. घरी जान्हवीसमोर बोलणं जमलं नसतं. पंपरूममध्ये मोटर घरघरत होती.

“अहो, मला टीबी झाला होता.”

“काय?”

“टीबी. लग्नाआधी.”

त्याने कानामागे हात धरला. मग वैतागून मोटर बंद केली. एकदम शांत झालं.

“एकोणिसाव्या वर्षी. औषध घेतलं, बरी झाले. तुमचं स्थळ आलं तेव्हा आईने सांगू दिलं नाही. नंतर मीच सांगितलं नाही.”

दत्तारामने फडक्याला हात पुसले. तो फसवणूक म्हणेल, आईला बोल लावेल, असं तिने धरलं होतं.

“म्हणून तू जान्हवीचा कधी पापा घेतला नाहीस,” तो म्हणाला.

“काही होत नाही असं डॉक्टर म्हणाले होते. पण मला भीती वाटायची.”

“माझी आई म्हणायची, हिला पोरीची माया नाही. मलाही तसंच वाटायचं. आणि तू मला तसं वाटू दिलंस.”

“हो.”

इंटरकॉम वाजला. डी विंगला पाणी नव्हतं. त्याने मोटर सुरू केली आणि ती तिथून निघाली. त्याच पावली अंधेरीला जाऊन तिने सगळं लिहून दिलं आणि सही केली.

घरात पुढचे दिवस मीठ दे, दार लाव, एवढंच बोलणं. थुंकीचे नमुने लागोपाठ तीन सकाळी द्यायचे होते. दोन दिवस ती उपाशीपोटी एकटी गेली. तिसऱ्या दिवशी निघताना पाहते तर दत्ताराम उंबऱ्यात बसून बूट घालत होता.

“आज सुट्टी टाकलीय,” तो म्हणाला.

नमुना उघड्या हवेत, गच्चीवर द्यायचा असतो. “काका, तुम्ही खाली थांबा,” तिथला माणूस म्हणाला. “इन्फेक्शन असू शकतं.”

“असतं तर एव्हाना झालं असतं,” दत्ताराम म्हणाला आणि तिची पर्स स्वतःच्या खांद्याला अडकवून तिथेच उभा राहिला.

ते दोन महिने सुगंधाने कसे काढले, तिचं तिला ठाऊक. ड्युटीवर दर अर्ध्या तासाने फोन बघायची. रात्री न्यूझीलंडमध्ये आता किती वाजले असतील याचा हिशेब करायची. रिपोर्ट स्वच्छ आला. पण तोवर वृद्धाश्रमाने ती जागा दुसऱ्या बाईला दिली होती. परमिटचं काम बघणाऱ्या एजन्सीतल्या मीराने, ती ड्युटीवर असताना, फोनवर ते चाचरत सांगितलं.

“दुसरीकडे अर्ज टाकू या का? सगळं पहिल्यापासून करावं लागेल, मॅडम.”

“टाक,” सुगंधा म्हणाली. बाथरूमचा नळ सोडून ती पाच मिनिटं आत उभी राहिली. मग तोंड पुसून वॉर्डात गेली.

सहा नंबरला छातीत पाणी झालेली कॉलेजची मुलगी होती, अस्मिता. नुकताच रिपोर्ट आला होता. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती, हातातल्या गोळ्या तशाच.

“मावशी, हळू बोला,” तिची आई कुजबुजली. “टीबी निघालाय. लग्नाची मुलगी आहे.”

सुगंधाने स्टूल ओढलं आणि खाटेला टेकून बसली.

“मलाही झाला होता,” ती म्हणाली. “तुझ्याच वयाची होते मी. घे गोळ्या.”

मुलीने तोंड वळवलं. शेजारच्या खाटेवरची बाई कोपरावर उठून ऐकू लागली. सुगंधाने आवाज कमी केला नाही.