बिनमाईकचं गाणं

"म्हंजे गाण्याला माईकच नको?" बद्रीशेठने पुन्हा विचारलं. "मग मला बोलावलं कशाला, आरती ओवाळायला?"

कडुबा मिक्सरच्या टेबलाखाली वाकून वायरी जोडत होता. भाषणांना माईक लागेल, अतुलच्या गाण्याला नको, हे तो मालकाला सकाळपासून समजावत होता. अतुलने फोनवर तशी ताकीदच दिली होती. ऑपेरा म्हणजे युरोपातलं संगीत नाटक. पुढे वाद्यांचा मोठा ताफा वाजत असला तरी गाणाऱ्याने नुसत्या गळ्यावर आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवायचा, हाच तर त्यातला कस. बद्रीशेठला हे पटलं नाही. ज्याचा धंदाच कर्णे भाड्याने देण्याचा, त्याला ते पटणार तरी कसं?

खरं तर आज कडुबाने काम करायचंच नव्हतं. सत्कार त्याच्या पोराचा. जगभरच्या तरुण गायकांमधून पहिला येऊन पोरगं इटलीहून परतलेलं. पण शेठचा दुसरा माणूस लग्नाच्या ऑर्डरवर गेला होता, आणि "घरचंच काम हाय की तुझ्या," असं म्हणून शेठने सुट्टी उडवून लावली. कडुबाने फार ओढून धरलं नाही. पहिल्या रांगेतल्या सोफ्यापेक्षा मिक्सरचं टेबल स्टेजला जवळ, असा हिशेब त्याने मनाशी केला होता. त्याला फक्त गाणं ऐकायचं होतं.

लोक म्हणतील, बापाने पोराचं गाणं ऐकलं नाही असं होईल का? झालं होतं तसं. अतुल वाळूजच्या कंपनीत ट्रेनी होता. तिथल्या एका कार्यक्रमात तो भीमगीत म्हणाला आणि एका जर्मन इंजिनिअरच्या बायकोने कान टवकारले. बाई गाण्याची मास्तरीण निघाली. पुढे पोरगं तिकडे शिकायला गेलं ते गेलंच. त्याचं गाणं घरी आलं ते मोबाईलमधून. आणि मोबाईलचा स्पीकर तो केवढा! अतुलचा आवाज खालचा, भरदार. तिकडे त्याला बॅरिटोन म्हणतात आणि डोक्यावर घेतात. आपल्याकडे त्याला ढाला म्हणतात आणि मागच्या रांगेत उभं करतात. त्या आवाजाची सगळी खालची बाजू मोबाईल खाऊन टाकायचा आणि उरायची ती नुसती किरकिर. अतुलची आई मनकर्णाबाई तेवढ्यावर डोळे पुसायची. कडुबाची जिंदगी आवाजात गेलेली, त्याला कळायचं की हे आपलं पोरगं नव्हे, त्याचं साल आहे.

कारण तो आवाज मुळात कडुबाचाच होता. तरुणपणी गायन पार्टीत त्याला कुणी माईकजवळ फिरकू दिलं नाही. "तू मागं राह्य रे, रेडा हंबरल्यासारखं वाटतं," असं बुलबुलतरंग वाजवणारा म्हणायचा आणि सगळे हसायचे. कडुबाही हसायचा. मग तो माईक लावायला शिकला. पुढे त्या आवाजाने कर्णपुऱ्याच्या जत्रेत हरवलेल्या लेकरांची नावं तेवढी पुकारली. गाणं तिथेच संपलं.

अतुल पहाटे विमानाने आला होता आणि दुपारच्या विमानाने परत जाणार होता. घरी येऊन चार ओळी म्हण, असं कडुबाने फोनवर भीत भीत सुचवलं, तर तो म्हणाला, आवाज जपावा लागतो बाबा, जे काय ते कार्यक्रमात. त्यामुळे आता जे काय ते इथेच होतं, पडेगावच्या या मंगल कार्यालयात.

सत्कार तात्यासाहेबांनी ठेवला होता. निवडणुका जवळ आल्या की तात्यासाहेबांना कलेची आवड लागते. सगळी धावपळ त्यांचा पुतण्या इंद्रजीत करत होता. लाईट सकाळीच गेली होती, म्हणून मागच्या अंगणात जनरेटर धडधडत होता. त्याच्यावर पंखे आणि भिंतीकडेचे मोठाले कूलर घरघरत होते. तात्यासाहेब बोलले, मग ज्यांना बोलायचं होतं ते सगळे बोलले. ऑपेराचं कुणी नाट्यसंगीत केलं, कुणी भजन. शाल, श्रीफळ झालं. मनकर्णाबाईला साडी दिली. निवेदिकेने वडिलांचं नाव पुकारलं, तेव्हा शेठने कडुबाचा दंड धरला. "स्पीकरचा बॉक्स गुणगुण करायला लागला, कुठं चालला?" निवेदिका म्हणाली, वडील काही कारणाने येऊ शकलेले नाहीत, आणि पुढे सरकली. कडुबाला त्याचं फार लागलं नाही. शाली त्याने बऱ्याच पाहिल्या होत्या.

अतुल उभा राहिला. त्याने माईकचा स्टँड बाजूला केला, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

काही ऐकूच येईना. कूलरची घरघर, जनरेटरची धडधड, लेकरांची रडारड. अतुलच्या मानेच्या शिरा दिसत होत्या, पण आवाज त्या गोंगाटात बुडून जात होता. मागून कुणीतरी ओरडलं, आवाज नाय. दुसरा म्हणाला, माईकवाला झोपला काय. मग हशा पिकला. इंद्रजीत खुर्चीवरून हातवारे करायला लागला. शेठ दात ओठ खात म्हणाला, "चालू कर, चालू कर नायतर उद्यापासून येऊ नको." अतुलने गाता गाता बापाकडे पाहिलं आणि मान हलवली. नको.

कडुबाने मिक्सर सोडला. मागच्या दाराने तो अंगणात पळाला आणि त्याने जनरेटर बंद केला.

सगळं एकदम थांबलं. पंखे, कूलर, सगळं. लोक दचकून गप्प झाले. दिवसाचा उजेड दारांतून भरपूर येत होता. कडुबा दाराकडे वळला, तोच त्यातून इंद्रजीत बाहेर आला.

"कुणी बंद केलं?"

"मी."

इंद्रजीतचा हात जड होता, तालमीतला. पहिली डाव्या कानशिलात बसली. "तात्यांच्या प्रोग्रामात काड्या करतो, भाडखाऊ? चालू कर." कडुबा जनरेटरसमोर जाऊन उभा राहिला. "गाणं होऊ द्या," एवढंच तो म्हणाला. दुसरी उजव्या कानावर बसली.

त्यानंतर त्याच्या डोक्यात एक शिट्टी सुरू झाली. माईक बॉक्ससमोर नेला की होते तसली. ती थांबेना. शिट्टीपलीकडे काहीच नव्हतं.

इंद्रजीत तिसऱ्यांदा हात उगारत होता, पण तो मध्येच थांबला आणि दाराकडे पाहू लागला. कडुबानेही पाहिलं. हॉलमध्ये एकही माणूस हलत नव्हता. शेठ मिक्सरवर हात तसाच ठेवून उभा होता. तात्यासाहेबांनी टोपी काढून मांडीवर घेतली होती. मनकर्णाबाई पदर तोंडात कोंबून रडत होती. आणि समोर अतुलचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, छाती भरत होती. ज्याच्यासाठी इतकी वर्षं जीव टांगणीला लागला होता, ते वीस पावलांवर चाललं होतं आणि कडुबापर्यंत त्यातलं काहीच पोचत नव्हतं. इंद्रजीतला मात्र सगळं ऐकू येत होतं. त्याने मोबाईल काढला आणि शूटिंग करू लागला.

लोक उभे राहिले. हात हलू लागले. म्हणजे टाळ्या असाव्यात.

शेठने बाहेर येऊन इंद्रजीतच्या कानात काही सांगितलं. इंद्रजीतचा चेहरा उतरला आणि लगेच हसराही झाला, राजकारणात ते जमावंच लागतं. त्याने आतून एक शाल आणवली आणि तिथेच, जनरेटरपाशी, कडुबाच्या खांद्यावर टाकली. फोटो निघाला. मग कडुबाच्या अगदी जवळ येऊन तो ओरडून बोलला, तेव्हा थोडं ऐकू आलं. "आधी सांगायचं ना काका, तुम्ही फादर हाये म्हणून." फादर नसतो तर चाललं असतं, असाच त्याचा अर्थ.

गाडीत बसण्याआधी अतुल बापाजवळ आला आणि बराच वेळ काहीतरी बोलला. शेवटी काहीतरी विचारून थांबला. कडुबाला काय विचारलं ते कळलं नाही, म्हणून तो नुसता हसला. अतुलने थोडी वाट पाहिली, मग त्याचं तोंड एवढंसं झालं. तो पाया पडला आणि गाडी विमानतळाकडे गेली.

संध्याकाळपर्यंत उजवा कान उघडला. डावा तसाच राहिला.

मनकर्णाबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती डाव्या बाजूला बसून किती वेळ सांगत होती, आणि तो अंदाजाने मान हलवत होता. मग मोबाईल उजळला. इंद्रजीतने व्हिडिओ पाठवला होता. तिने तो लावून त्याच्या हातात दिला आणि त्याने उजव्या कानाशी धरला. तीच किरकिर. खालचं सगळं गेलेलं.

"असंच म्हणला ना वो अतुल?" तिने समोर येऊन विचारलं. "तुम्ही तर लई जवळ व्हता."

कडुबाने तिचे सुजलेले डोळे पाहिले आणि मोबाईल जरासा कानाजवळ घेतला.

"व्हय," तो म्हणाला. "असंच."