वारा लागलेला साचा

बाटल्यांच्या बुचांचा तो साचा वापरून वापरून कडांना झिजून आमच्याकडं दुरुस्तीला आला होता. तो पाठवणाऱ्या बिदरच्या कारखान्याकडं दुसरा साचाच नव्हता. मी तो भट्टीत तापवला, झिजलेल्या कडांवर वेल्डिंगनं लोखंड चढवलं आणि तो पुरून ठेवायला गरम राख आणायला मागं गेले. असलं लोखंड राखेत सावकाश निवावं लागतं. वारा लागला की तडकतं.

परत आले तर फॅन साच्याच्या तोंडावर गरगरायला होता.

"अक्का! फॅन कुणी लावला?"

पॉलिश करणारी जगदेवी अक्का दचकली. "तू घामानं भिजायलीस म्हणून मीच लावला की, अंबिका."

"बंद कर! आधी बंद कर!"

तेवढ्यात साच्यातून बारीक आवाज आला. टिक्. अक्कानं झटकन बटण दाबलं. साचा राखेत पुरला, तरी कान तिथंच.

"काय होत न्हाई ना गं?" अक्का पुन्हा पुन्हा विचारायली.

"गप बस!" मी खेकसले.

साचा पार निवल्यावर मी कडांना लाल औषध लावलं, पुसलं, वरून पांढरं फवारलं. तडा असला तर आत मुरलेलं लाल वर येतं. दोघी वाकून बघायलो. डोक्यावरचा पत्रा तापला होता, घाम डोळ्यांत उतरायला होता, तरी फॅनकडं बघायची कुणाची हिंमत नव्हती.

पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली. हळूहळू लांबत गेली.

अक्कानं पदर तोंडाला लावला.

"लाव आता फॅन," मी म्हणाले.