रोज मनात येणारं वाक्य

कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवणारी थोरली आठ वर्षं आईचं सगळं एकटीनं करत होती. अंघोळ, औषधं, दुखणंखुपणं. धाकट्या भावाचं काम काय, तर रविवारी फोन करून "आई कशी आहे?" विचारायचं. तेवढ्यावर मोठा आला मातृभक्त!

आधीच्या दवाखान्यात आईचं ऑनलाइन खातं उघडताना तिथली बाई म्हणाली होती, "पासवर्डला नाव, वाढदिवस नको, कुणीही ओळखतं. लांबलचक वाक्य घ्या. रोज मनात येतं पण तोंडातून कधी बाहेर पडत नाही, असं." थोरलीला विचारसुद्धा करावा लागला नाही. खरं सांगायचं तर, दर वेळी ते टाइप करताना तिला चक्क हलकं वाटायचं.

कधी नव्हे तो धाकटा भेटायला आला आणि नेमकी त्याच दिवशी आई पडली. खुब्याचं हाड मोडलं, लगेच ऑपरेशन. मागच्या ऑपरेशनात भुलीच्या एका औषधानं आईचं हृदय थांबलं होतं. त्या औषधाचं नाव होतं फक्त त्या खात्यात. थोरली कामावर, मोबाइल घरीच विसरलेली. कारखान्यात मुकादमाच्या टेबलावरचा फोन वाजला.

"ताई, पासवर्ड सांग. डॉक्टर खोळंबलेत."

"आई कुठेय?"

"ही काय, शेजारीच. स्ट्रेचरवर."

"तू जरा लांब जा ना."

"कॉम्प्युटर काय डोक्यावर घेऊन जाऊ? सांग गं पटकन!"

सांगावं तर पंचाईत, न सांगावं तर आईच्या जिवाशी खेळ. तिनं हळूच सांगितलं. वर बजावलं, "तोंडानं म्हणू नकोस, नुसतं लिही."

पण मेला लहानपणापासून मोठ्यानं म्हटल्याशिवाय एक अक्षर लिहीत नाही! "आई... एकदाची... सुटली... की... मी..." तो थांबला. "ताई, हे काय गं?"

"लिही पुढे. दोन दिवस झोपणार."

खातं उघडलं. औषध बदललं, ऑपरेशन नीट पार पडलं. थोरली धापा टाकत पोचली, तर दाराशी उभ्या धाकट्यानं तोंड फिरवलं. फिरव बाबा! आठ वर्षांत एक रात्र तरी जागलास का? संताप आणि लाज दोन्ही गिळून ती आत गेली.

आईनं डोळे उघडले. थोरलीनं तिचा हात धरला.

"रागावू नकोस हं," आईच पुटपुटली. "ऑपरेशनातून मी काही मुद्दाम नाही वाचले."