डावीकडचा पाटा

सांडू मिस्त्रीनं पुढच्या चाकांना दगड लावले, फियाट मागून जॅकवर उचलली, खाली लोखंडी घोड्या सरकवल्या, गाडी हलवून पाहिली आणि मगच तो खाली शिरला.

"नुसत्या जॅकवर भरोसा ठेवणारे मिस्त्री मी लई पाह्यले," तो आतून म्हणाला. "आता भिंतीवर हार घालून बसलेत."

प्रमोदिनीबाई लिंबाखालच्या खुर्चीवर बसून हसल्या. शेजारी श्रीधरराव, मांडीवर वर्तमानपत्र. जुनं घर बिल्डरला देऊन झालं होतं. नव्या इमारतीत गाड्या एकीवर एक ठेवायच्या, आणि फियाटचा टप वरच्या पाळण्याला घासत होता. मागून थोडी खाली बसली तर गाडी राहील, नाहीतर विकावी लागेल, असं नातवानं, हिमांशूनं, सांगून टाकलं होतं.

"हर्सूलचा तलाव भरला का गं?" श्रीधररावांनी विचारलं.

"कोरडा आहे हो." सकाळीही त्यांनी हेच विचारलं होतं. रस्त्यावरून पाण्याचा टँकर गळत गळत गेला. श्रीधररावांनी मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला.

"आजी," सांडूनं डोकं बाहेर काढलं, "हे काय गौडबंगाल हाय? डाव्या बाजूच्या स्प्रिंगला एक पाटा जादा हाय. उजवीकडं नाय."

"म्हणजे?" हिमांशू वाकला.

"म्हंजी डावी बाजू कायम उचललेली. गाडी उजवीकडं झुकत आसंल."

प्रमोदिनीबाई एकदम उभ्या राहिल्या. गुडघ्यात कळ आली, तो त्यांनी तसाच दाबून धरला.

"झुकायचीच," त्या म्हणाल्या. "पण ती माझ्यामुळं."

झुकायची, आणि त्या उजवीकडंच बसायच्या. श्रीधरराव दार लावता लावता म्हणायचे, बाईसाहेब, जरा मधे सरका, गाडी तुमच्याकडं कलली. पोरं हसायची. नणंदा हसायच्या. प्रमोदिनीबाई मधे सरकायच्या, दोन्ही खिडक्यांपासून सारख्याच लांब. मग त्यांनी रात्रीचा भात सोडला. गुलमंडीवरून इमरती आली, की एक तुकडा मोडून पुडा पुढं सरकवायच्या. वाळून काटकुळ्या झाल्या, तरी गाडी झुकतच राहिली.

"कुणी बसवला असेल हा?" हिमांशूनं विचारलं.

"बहात्तरचा दुष्काळ," त्या हळूहळू म्हणाल्या. "हर्सूलकडून पाणी आणायचे हे. डावीकडं सीट काढून पिंप ठेवलेलं असायचं. गाडी त्या अंगाला बसायची, म्हणून काहीतरी करून आणलं होतं खरं. पुढं पाऊस झाला. पिंप गेलं, सीट परत आली..."

त्यांनी वळून नवऱ्याकडं पाहिलं.

"अहो, पाटा तुम्हीच घातला होता ना? काढायचा राहिला, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

श्रीधररावांनी वर्तमानपत्राची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"कसला पाटा?"

ते खोटं बोलताना डावी भुवई उडायची, हे प्रमोदिनीबाईंना लग्नाच्या वर्षापासून माहीत होतं. आत्ता भुवई जागच्या जागी होती. पण हल्ली ती हलतच नव्हती, खरं बोलताना नाही, खोटं बोलतानाही नाही.

सांडूनं जादा पाटा काढून पायाशी टाकला. प्रमोदिनीबाईंनी चपलेच्या टोकानं तो जरा ढकलून पाहिला. वजनदार होता.

घोड्या काढून गाडी जमिनीवर उतरवली, तरी सांडूनं बोल्ट ढिलेच ठेवले. "अंगावर वजन आल्याबिगर आवळायचे नाय, रबर पिळून फाटतंय. रोज बसता तसे बसा सगळे."

हिमांशू स्टिअरिंगवर बसला. श्रीधररावांना त्यानं हात धरून पुढं बसवलं. प्रमोदिनीबाई मागं चढल्या आणि थेट उजव्या खिडकीशी जाऊन टेकल्या. काच खाली केली. कोपर बाहेर काढलं.

"झुकली का रे सांडू?"

सांडू मागं जाऊन उकिडवा बसला, एक डोळा मिटला. "नाय आजी. ताटात पाणी ठिवा, हलायचं नाय."

"पार्किंगमध्ये बसेल?"

"आरामात."

"हिमांशू, जाताना गुलमंडीवर थांब. इमरती घ्यायचीय. आणि पुडा माझ्याकडं द्यायचा, कळलं?"

हिमांशू आरशात हसला. खाली पान्याचा आवाज होत राहिला. प्रमोदिनीबाईंच्या चेहऱ्यावर ऊन आलं होतं. त्यांनी पदर ओढला नाही. आज घरी गेल्यावर यांना नीट समोर बसवून विचारायचं, असं त्यांनी ठरवलं. सगळं, अगदी पहिल्यापासून.

श्रीधररावांनी मान मागं वळवली. क्षणभर त्यांना न्याहाळलं.

"बाईसाहेब," ते म्हणाले, "जरा मधे सरका. गाडी तुमच्याकडं कललीय."

हिमांशूला हसू फुटलं आणि लगेच विझलं. प्रमोदिनीबाईंनी त्या चेहऱ्यावर मिस्कीलपणा शोधला. तिथं नुसती काळजी होती, पाणी सांडेल की काय अशी.

त्यांनी कोपर आत घेतलं. सीटवर हात टेकत टेकत त्या मधे सरकल्या.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता सरळ," श्रीधरराव म्हणाले, आणि पुढं बघून बसले.