चालेल, सर

"हात लावू नका त्याला!" ती ओरडली, तेव्हा सरांचा हात शेवटच्या फ्लास्कपर्यंत पोचलासुद्धा होता.

सर दचकले. या लॅबमध्ये त्यांच्याशी असं कुणी बोललं नसावं. बेसिनपाशी भांडी धुणाऱ्या मावशींनी नळ बंद केला.

ती आली होती इथेच काम करणाऱ्या आईचा मागे राहिलेला डबा, चष्मा आणि खुंटीवरचा पांढरा कोट न्यायला. ओट्यावर फेकून द्यायचे फ्लास्क मांडलेले दिसले. आतलं पाणी उकळून विसरलेल्या चहासारखं काळपट, पेशी मेलेल्या; एकाच फ्लास्कमधलं अजून स्वच्छ. आईने वर्षानुवर्षं जगवलेल्या पेशी त्या. एका झुडपाच्या, पण ना मूळ, ना पान, नुसते साखरपाण्यात डुलणारे फिकट कण. जुन्या फ्लास्कमधून नव्यात घालायचे आणि रुजेपर्यंत त्यांच्या वाटेला जायचं नाही, ही आईची रीत. मग फेनॉल द्यायचं. फेनॉल म्हणजे पेशीला विषच. पण रुजलेल्या पेशीत एक एन्झाइम तयार होतं, ते त्या विषाला साखर जोडतं, आणि मग विष पेशीच्या पोटात निमूट पडून राहतं. साखर जोडलेलं ते द्रव्यच सरांना औषधासाठी हवं होतं.

"बाईंना विचारूनच दिलं होतं फेनॉल," सर म्हणाले. "त्या चालेल म्हणाल्या."

आई म्हणाली होती खरी. तो फोन हिनेच आईच्या कानाशी धरला होता. हॉस्पिटलची खाट, नाकात नळी, ओठ सुकलेले. "अहवाल तोंडावर आलाय, बाई. पेशी कालच नव्या फ्लास्कमध्ये घातल्यात. आज फेनॉल दिलं तर चालेल ना?"

"चालेल, सर."

फोन ठेवल्यावर आई छताकडे बघत पुटपुटली, "मरतील सगळ्या."

"मग सांग ना तसं! लावू परत?"

"राहू दे गं. आधीच अडचणीत आहेत. वाईट वाटेल त्यांना."

हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मरणाच्या दारातही दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून धडपड! जन्मभर हेच. बाबांनी न विचारता घर बदललं, चालेल. आत्याने चारचौघांत घालूनपाडून बोलावं, चालेल. छातीत गाठ लागली, तरी तोंडातून ब्र नाही. "तुझं बाळंतपण उरकू दे. तोवर चालेल." त्या शब्दाचा हिला इतका राग होता की आई गेल्यावर रडूसुद्धा नीट आलं नव्हतं.

"मागच्या वेळी बहुतेक मात्रा जास्त झाली," सर समजुतीच्या सुरात म्हणाले. "हा एकच उरलाय. सकाळीच पेशी नव्यात घातल्यात. आता थोडंसंच देऊन बघतो. अहवालात बाईंचे आभार मानणार आहे. त्यांनाही बरं वाटलं असतं. चालेल ना?"

"नाही चालणार."

"अं?"

"मात्रेचा काही संबंध नाही. अजून रुजल्या नाहीत त्या. आज दिलंत तर याही मरतील. तेव्हाही तसंच झालं. आईला माहीत होतं."

"माहीत होतं? मग बोलल्या का नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून."

सर स्टुलावर बसले. चष्मा काढून नुसतेच पुसत राहिले. "एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच. आता वाटू दे."

मग मावशी हात पुसत म्हणाल्या, "तोंड आईचं नाही घेतलंस, हे एक बरं केलंस पोरी. ती माऊली फुटक्या बरणीचीसुद्धा माफी मागायची."

सर उठले. फ्लास्क उचलून हलत्या यंत्रावर ठेवला, चाप लावला. फेनॉलची बाटली कपाटात गेली. आतले फिकट कण गोल फिरू लागले.

तिने खुंटीवरून कोट काढला. बाह्यांना कोपरापाशी आईच्या हातांचा बाक तसाच होता. तिने घडी घातली. थोडा वेळ ती छातीशी धरून उभी राहिली. मग उलगडून कोट पुन्हा खुंटीला अडकवला.

"नेत नाहीस?" मावशींनी विचारलं.

"रुजू देत त्या," ती म्हणाली. "मग नेईन."